उखाण्याबाहेरचं नाव

"अहो!" निवडुंगांच्या बागेत मी जिवाच्या आकांताने ओरडले. सहलीतले तीन नवरे वळले. माझा नाही.

वाळवंटी उद्यानाचं संग्रहालय बघताना ह्यांचा हात सुटला होता. हल्ली ह्यांना घराची वाटही आठवत नाही, आणि इथे भर उन्हात पायवाटा चहूकडे फुटलेल्या.

"नाम पुकारिए," म्हणत रखवालदाराने भोंगा पुढे केला. उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं नाव मी घेतलं. "सुधाकर!"

कुणी आलं नाही.

मग सासूबाई आठवल्या. त्यांच्याच सुरात कडाडले, "सुध्या, मेल्या, वरण निवतंय! येतोस की येऊ छडी घेऊन?"

खडकामागून हे धडपडत आले. लालबुंद, ओठ सुकलेले.

"आलो गं आई. मारू नकोस."

"नाही मारणार," म्हणत मी त्यांना जवळ घेतलं.