नेम चुकलेल्यांची भिंत

विस्कॉन्सिनच्या रानातल्या आमच्या शिकारीच्या झोपडीत एकच कायदा चालतो: हरणावरचा नेम चुकला, की शर्टाचं मागचं टोक कापायचं आणि नाव लिहून भिंतीवर ठोकायचं. तिथं आजोबांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांच्या चिंध्या आहेत. फक्त माझा भाऊ ऑर्लिन कधी चुकला नव्हता. त्यावरून आम्हाला भरपूर चिडवायचा. मार्चमध्ये तो अपघातात गेला. नोव्हेंबरच्या हंगामाला बाबा त्याचाच चौकड्यांचा शर्ट घालून आले. सकाळी हरीण वीस पावलांवर उभं होतं. बाबांनी शांतपणे गोळी शेजारच्या झाडात घातली. संध्याकाळी माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "काप." "बाबा, त्याचा शर्ट आहे हा!" "कायदा म्हणजे कायदा." मी कापला. तुकड्यावर बाबांचं नाव लिहिणार, तोच त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि 'ऑर्लिन' लिहिलं. खिळा ठोकून ते भिंतीला म्हणाले, "आलास ना शेवटी आमच्यात, शहाण्या?"