खालची ओळ

भाट्याहून मथूला बघायला आलेल्या पाहुण्यांनी नऊशे रुपये हुंडा मागितला. थोरल्या काकांनी लगेच मुंबईच्या दलालाचा इंग्रजी हिशेब मागवला. काकांपुढे मथूचे वडील नाना कधी बोलत नसत.

"चष्मा सापडत नाही," नाना एवढंच म्हणाले. "मथे, तू वाच."

मॅट्रिक होणारच म्हणून घरभर मिरवणाऱ्या मथूनं वाचलं, "खात्यावर जमा, हजार."

"ऐकलंत?" काका फुशारले.

खालची ओळ वाचली तर वडिलांची मान खाली जाणार, नाही वाचली तर लग्न ठरून शाळा सुटणार. मथूनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"पैकी नऊशे साठ कापसाच्या सौद्यात अडकलेले. आज काढता येतील ते चाळीस."

पोहे तसेच टाकून पाहुणे उठले. काका त्यांच्यामागे धावले.

मथू रडवेली होऊन नानांपुढे उभी राहिली. नानांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला.

"उद्या शाळेला उशीर करू नको गो."