ओळीतल्या हाका

"म्होरच्यानं मागं वळून बघायचं न्हाई. नुसती हाक मारायची. ज्याचं नाव येईल त्यानं 'ओ' द्यायची. भांडण झालेलं असू दे, तोंडात चिंच असू दे, द्यायची म्हंजी द्यायची!" ज्ञानेश्वरनं पाचवीच्या नव्या पोरांना बजावलं.

दहावीतला ज्ञानेश्वर शाळेचा संरक्षणमंत्री होता. आरोग्यमंत्री, सहलमंत्री, स्वच्छतामंत्री सगळ्याच शाळांत असतात आणि त्यांना वर्षभर काही काम नसतं. संरक्षणमंत्री फक्त याच शाळेत होता आणि त्याला रोज काम होतं. वस्तीवरची पोरं पारगावच्या रस्त्यावरून आत वळली, की दोन्ही अंगांनी ऊस आणि मधून बैलगाडीपुरती वाट. उसात बिबट्या असायचा. गाव त्याला वाघच म्हणायचं. त्याला माणसांचा कालवा सोसत नाही, एवढंच काय ते बरं. म्हणून ओळ करून, हाका मारत घरी जायचं. मोठा एक पुढं, मोठा एक मागं, बारकी मधे.

नव्या पोरांचं स्वागत झालं होतं. गुलाबाचं फूल, खडीसाखर, हेडसरांचं लांबलेलं भाषण. मुख्यमंत्री झालेल्या आरतीनं त्यांना ग्रंथालय दाखवलं, म्हणजे कुलूप लावलेलं कपाट दाखवलं. पोरं हसली. आरतीचं लक्ष मात्र सकाळपासून एकाच पोरीकडं होतं. अश्विनी. नव्या गणवेशात, फूल दोन्ही हातांनी धरून ती कडेला उभी होती. फाटकाशी तिचे चुलते धर्माजी सायकल हातात धरूनच थांबले होते. स्टँडवर लावायलाही तयार नव्हते.

"नाव घातलंय, पर पोरगी भ्याली तर लगीच माघारी नेणार," आल्या आल्या त्यांनी आरतीला सांगितलं होतं. "घरात आता ही येकच हाये."

अश्विनीच्या भावाला, सहावीतल्या सोपानला, मार्चमध्ये याच वाटेवर वाघानं नेलं होतं. मागं चालणारा मोठा मुलगा त्या दिवशी तापानं घरी होता. पायात काटा मोडला म्हणून सोपान खाली बसला. ज्ञानेश्वरनं हाक मारली, ओ आली नाही. तो वळला तेव्हा वाट रिकामी होती आणि ऊस हलत होता. परीक्षा संपेपर्यंत मग घरची माणसंच पोरांना ने-आण करायची. हाका मारायचं कुणी नावच काढलं नाही.

आज पोरगी परत गेली तर पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही, हे आरतीला पक्कं ठाऊक होतं. वस्तीवरच्या आणखी दोघींची शाळा या उन्हाळ्यात अशीच सुटली होती. एवढी एक तरी राहू दे, असं ती मनातल्या मनात घोकत होती.

"आता करून दावतो," ज्ञानेश्वर म्हणाला. वस्तीवरची जुनी पोरं मैदानात ओळीनं उभी राहिली. तो पुढं, सगळ्यांकडं पाठ करून.

"संगीता!"

"ओ!"

"रोहिदास!"

"ओ!"

"सोपान!"

पाढ्यासारखी ती नावं त्याच्या तोंडात बसली होती. बोलून गेल्यावर त्याला कळलं. ओळीतलं कुणी हललं नाही. नळाखाली डबा धुणारी शिपाईमावशीसुद्धा हात थांबवून बघायला लागली.

"ओ!"

आवाज बारीक होता, पण खणखणीत होता, आणि ओळीतून आला नव्हता. नवी पोरं माना वळवून अश्विनीकडं बघू लागली. ती नेहमीचं काम उरकल्यासारखी शांत उभी होती. ज्ञानेश्वर तसाच पाठमोरा उभा राहिला. मागं वळायचं त्याला धाडस होईना.

धर्माजींनी सायकल भिंतीला टेकवली आणि ते तडक मैदानात आले. आरती त्यांना आडवी गेली.

"काका, चुकलं आमचं. त्याच्या तोंडात बसलंय वो ते नाव. तिला नका नेऊ, पाया पडते तुमच्या. मी सोता तिचा हात धरून दारात सोडीन. रोज सोडीन."

धर्माजी पोरीसमोर उकिडवे बसले.

"भ्यालीस का गं?"

अश्विनीनं मान हलवली. नाही.

"मग ऱ्हायचं हितं?"

"ऱ्हायचंय."

धर्माजींनी डोक्यावरची टोपी काढून त्या टोपीनंच आपलं तोंड पुसलं. "ऱ्हाऊ द्या मग," ते आरतीला म्हणाले आणि उठून भराभरा सायकलीकडं गेले.

आरतीला इतकं बरं वाटलं, की तिला रडूच फुटलं. डोळे पुसून तिनं अश्विनीला जवळ घेतलं.

"अगं, ती हाक तुला नव्हती. चुकून गेली त्याच्या तोंडून. दादाच्या नावाला तू नाही ओ द्यायची."

"ठावं हाय मला," अश्विनी म्हणाली. "पर घरी मीच देते की. सांच्याला आई उसाकडं तोंड करून त्याला हाक मारती." मग तिनं विचारलं, "ताई, दिवं लागायच्या आत सोडशील ना मला घरी? ओ न्हाई आली, तर आई उसात शिरती."