पाण्यावरचे उंदीर

पाण्यावरचे उंदीर पुन्हा पास झाले आणि संशोधिकेनं कपाळावर हात मारून घेतला.

"पास झाले तर वाईट काय?" विभागप्रमुखांनी दारातून विचारलं.

"सर, यांना नुसतं पाणी पाजलंय. यांनी वाट विसरायला हवी. लक्षात राहायला हवी ती औषधावरच्यांच्या."

"मग विसरा म्हणावं त्यांना." प्रमुख हसले, पण लगेच गंभीर झाले. "महिनाअखेर फरक दाखवा, मॅडम. नाहीतर औषध बंद. रुग्णांचंसुद्धा."

काचेच्या पेटीत एक बोळ, पुढे दोन फाटे. दाणा एकाच फाट्याला मिळायचा. म्हाताऱ्या उंदरांना आदल्या दिवशी वाट शिकवायची आणि दुसऱ्या दिवशी सोडून बघायचं, एवढंच काम. पण दोन्ही गट सारखेच हुशार निघत होते. जित्या जिवाला तुमच्या प्रयोगाशी काही देणंघेणं नसतं, हे तिला पटत होतं. परवडत मात्र नव्हतं.

कारण त्या रुग्णांमध्ये तिची आई होती. गेल्या वर्षी आईनं पोटच्या मुलीला खुर्ची दिली होती आणि म्हणाली होती, "बसा हं, माझी मुलगी येईलच इतक्यात." त्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन रडली होती.

मग औषध सुरू झालं आणि आई हळूहळू परत आली. आता रोज संध्याकाळी ती आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसे आणि विचारी, "मी कोण?"

आई तिच्याकडे डोळे भरून बघे. "थोरली," म्हणे. मग गालातल्या गालात हसून, "छे गं, धाकटी!" वाराचंही तेच. बुधवार असला, की "सोमवार, मंगळवार..." करत आई बरोबर बुधवारवर येऊन थांबे. आईचा थट्टेखोर स्वभाव परत आला म्हणून धाकटीला कोण आनंद!

हे औषध बंद होऊ द्यायचं नाही, असा तिनं चंगच बांधला. दिवे बदलले. पेटी धुण्याचा साबण बदलला. उंदरांना आपला वास यायला नको म्हणून केसांना तेल लावणं सोडलं. दाण्याच्या वासावर जात असतील म्हणून दुसऱ्या फाट्यालाही जाळीखाली दाणे ठेवले. उंदरांनी दाद दिली नाही.

शेवटी प्रमुखच एकदा मागे उभे राहून बघत होते. ते एकाएकी म्हणाले, "मॅडम, तुमची मान!"

"काय झालं मानेला?"

"उंदीर फाट्यावर आला की बरोबर त्या बाजूला कलते. लबाड तुमच्याकडे बघून वळतायत!"

तिला हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी तिनं घरची जुनी चादर आणली, पेटीसमोर टांगली आणि स्वतः मागे बसून तिच्या भोकातून बघू लागली. आता पाण्यावरचे उंदीर फाट्यावर येऊन गोंधळले. कुणी इकडे गेलं, कुणी तिकडे, एक तर तिथंच मिशा साफ करत बसला. औषधावरचे सरळ दाण्याकडे गेले. तिनं सगळं पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं.

"मानलं तुम्हाला," प्रमुख म्हणाले. "औषध चालू राहील."

तिचा जीव भांड्यात पडला. घराचा जिना तिनं जवळजवळ धावतच चढला. दार उघडून, चपला काढता काढता ती बाहेरच्या खोलीतूनच ओरडली, "आई, जिंकलो आपण! सांग बरं, मी कोण?"

"थोरली," आतून आवाज आला.

ती हसली. चपलेचा पट्टा अडकला होता, तो सोडवायला खाली वाकली.

"धाकटी," आई म्हणाली. मग जरा थांबून, "मधली? शेजारची?"

तिचा हात पट्ट्यावरच राहिला.

"अगं, समोर ये ना," आई कावरीबावरी होऊन म्हणाली. "तुझं तोंड दिसल्याशिवाय मला कसं कळणार, कुठं थांबायचं ते?"