नऊ टक्के
बोगदा कोसळला तेव्हा तिथले सेन्सर बसवणारा माझा दादा आतच अडकला. त्याच्या पट्ट्यावरच्या सेन्सरचा हिरवा ठिपका माझ्या पडद्यावर अजून दिसत होता. "विचार ना पुन्हा," वहिनी माझा खांदा गदागदा हलवत म्हणाली. आम्ही विचारलं की दादा हलतोय का ते सेन्सर कळवायचा, पण प्रत्येक उत्तर बॅटरी खायचं. खोदणारे जवळ पोचल्यावर त्याच ठिपक्यावरून दादाला शोधणार होते. "नको, वहिनी. नऊच टक्के उरलेत." "तोच उरला नसेल तर कुणासाठी वाचवतेस?" माझा धीर सुटला. मी माऊसवर बोट ठेवलं, इतक्यात ठिपका विझला. वहिनी पडद्यावर बोट फिरवत ठिपका शोधू लागली. मग पडद्यावर ओळ उमटली: 'सेन्सर बटण दाबून बंद केला.' "बटण कुणी दाबलं?" "ते दादाच्याच पट्ट्यावर आहे." एरवी वीज वाचवायला घरभर दिवे मालवत फिरणाऱ्या आपल्या नवऱ्यावर ती रडत रडत खेकसली, "कंजूष कुठला!"