पहिला निवटा

अंथरुणाला खिळलेल्या शकूनं नवऱ्याकडे निवट्यांचं कालवण मागितलं, म्हणून धाकू कित्येक वर्षांनी कोपरच्या खाडीत उतरला. पूर्वी चिखलात हात घातला की बिळाबिळातून मासा निघायचा, टोपली भरायची. आता अर्धी खाडी राडारोड्यानं बुजलेली. सकाळभर चाचपडल्यावर एक निवटा हाताला लागला. पहिला मासा खाडीलाच परत द्यायचा, ही घराण्याची रीत. पण दुसरा मिळेना. शेवटी मन घट्ट करून त्यानं तोच पाण्याच्या डब्यात टाकून घरी आणला. शकूनं मान उचलून डब्यात पाहिलं. “यो पयलाच ना?” धाकूनं मान डोलावली. “मंग मना नको. खारीला परत देऊन या. नातवंडांनी काय खावाचा?” तो आल्या पावली खाडीवर परतला. त्याच बिळांवर भरणीचा डंपर नुकताच रिकामा झाला होता. धाकू डबा धरून उभाच राहिला. आत निवटा उड्या मारत होता.