दुसऱ्या कॅसेटचा कौल

स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या हिंदुरावांची दुसरी कॅसेट कोल्हापुरात गाजली, पेपरात कौतुकही छापून आलं. पण त्यांना एकच घोर होता. बायको धार काढताना गुणगुणायची ती चाल गाण्यात नीट उतरली का? बायकोला जाऊन वर्ष झालं. चाल ओळखणारी एक म्हैसच उरली होती. तेव्हापासून तिनं सुखानं पान्हा सोडला नव्हता. अखेर त्यांनी गोठ्यात टेप लावला. “मामा, म्हशीला गाणं कळतंय व्हय?” चरवी धरून बसलेली नवी सून हसली. दोन कडवी झाली, म्हैस ढिम्म. “न्हाय आवडलं तिला,” हिंदुराव पुटपुटले. तिसऱ्या कडव्याला हिंदुरावांना शब्दच सुचले नव्हते; तिथं ते नुसतं गुणगुणले होते. म्हशीचे कान हलले. चरवीत धार वाजली. “मामा,” सून हळूच म्हणाली, “एवढंच परत लावा की. आत्याबाईंना मी कुठं ऐकलंय?”